माया

कोनाडू आत्या कापड घेऊन आली,
निळं, त्यावर पांढऱ्या गिनी कोंबड्या.
म्हणाली, डावीकडे जरा सैल ठेव, डुफिए.
मी टेप छातीवरून फिरवली
आणि हाताला जे कळलं ते तोंडाला बोलता आलं नाही.
वहीत लिहिलं, अडतीस. नुसतं अडतीस.

ते ब्लाउज तिने दोनदाच घातलं.
नंतरचं लाल-काळं कापड एकाच ताग्यातलं,
शनिवारच्या अंत्यविधीसाठी बेचाळीस जणींचं,
सगळं माझ्याच मशीनवर.

तिच्याआधी अचिया आत्या गेली, चौतिसाव्या वर्षी.
बायका म्हणाल्या, चोळीत नाणी ठेवायची ना ती,
धातू बाधला.

मी घाबरले नव्हते.
आमच्याकडे रक्त आईचं असतं.
कूळ आईचं, जमीन आईच्या भावाची,
बाप देतो तो श्वास, चालायची ढब, अंगातली रग.
आत्या बापाच्या घरच्या, मी माझ्या आईची.
खाण तशी माती,
आणि माझी खाण सत्तरी ओलांडून
कुमासीच्या बाजारात अजून सुकी मासळी विकते,
भावावरून भांडते.

दवाखान्यातल्या पोराने कागदावर वंश काढला.
बायका गोल, पुरुष चौकोन.
दोन गोल त्याने पेनाने काळे केले, शाई पुरेना.
तिथून रेघ निघाली ती चौकोनातून,
पांढऱ्या, कोऱ्या चौकोनातून,
खाली माझ्यापर्यंत.
तुझ्या मुलीला? अर्धीअर्धी शक्यता, तो म्हणाला,
नाणं उडवल्यासारखी.
म्हणजे नाण्याचं तेवढं खरं होतं.

बाबा सुआमेच्या गॅरेजात गिअरबॉक्सखाली आडवे होते.
मी वाकून सांगितलं, त्यांच्या पायांनाच.
बाहेर आले. चिंधीने हात पुसत राहिले,
एकेक बोट, मग पुन्हा पहिल्यापासून.
कारखान्यातूनच आलेला दोष? त्यांनी विचारलं.
हो.
पन्नास वर्षं लोकांची इंजिनं उघडलेला माणूस,
त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
म्हणजे तू माझ्या रक्ताची.
आमच्यात हे वाक्य कुठला बाप बोलत नाही.
ते रडत होते की काय, मला कळलं नाही,
ग्रीसचा हात तोंडावर होता.

गुरुवारी मला परत बोलावलंय.
काय काढायचं, किती काढायचं, ते तेव्हा ठरेल.

आज पोकुआचा शाळेचा गणवेश बेतायला घेतलाय.
नऊ वर्षांची आहे, दर सत्राला उसवावा लागतो,
म्हणून शिवणीच्या आत मी माया जास्त सोडते,
टाकाही लांब घालते.
टेप काखेखालून नेली तशी ती आक्रसते,
आई, गुदगुल्या होतात.
हात वर कर, मी म्हणते.
अजून थोडा वर.