पंचेचाळीस सालची बरणी

आई गेली तेव्हा तळघरातून
एकशे बारा बरण्या निघाल्या.
घरात सगळ्यांना पाठ होतं,
डाव्या भिंतीच्या खायच्या,
उजव्या भिंतीच्या फक्त बघायच्या.

ओकानागनच्या खोऱ्यात तेव्हा
ज्याच्या त्याच्या पीचच्या बागा,
आणि जूनमध्ये बागांवरून पिवळं विमान.
आम्ही पोरं हात हलवायचो,
पायलटही हलवायचा.
मग ते पांढरं धुकं पानांवर, दोरीवरच्या चादरींवर,
कुत्र्याच्या पाठीवर निवांत उतरायचं.

कंपनीचा माणूस, पेटिग्रू,
चर्चच्या हॉलमध्ये चिमूटभर भुकटी
जिभेवर ठेवून दाखवायचा.
"बघा, साखरेहून गरीब!"
टाळ्या पडायच्या.
आई उभी राहायची. "आणि रोज?
तीस वर्षं? पोटुशी बाईनं?"
मग खुर्च्या सरकल्याचे आवाज,
आणि कुणीतरी कॉफी आणायला उठायचं.

दर ऑगस्टात ती शेजाऱ्यांच्या कुंपणाशी जाऊन
पाच-पाच पीच मागायची.
न धुता, न सोलता बरणीत.
चिठ्ठीवर बागेचं नाव, फवारण्या किती,
आणि खाली मधमाश्या.
एकोणीसशे सेहेचाळीस. मधमाश्या: खूप.
अठ्ठेचाळीस. मधमाश्या: मोजता आल्या.
एक्कावन्न. मधमाश्या: एक. तीही चालत होती.

तळ्याकाठच्या कॅनरीतला डबा आणून
त्याच्या पाकात तिनं पांढरी लोकर उकळली.
लोकर केशरी झाली. तीन पाण्यांत धुतली,
केशरीच राहिली.
"फळाचा रंग असा चिकटून बसत नाही," म्हणाली,
आणि त्या लोकरीचे मोजे विणले.
बाबा ते घालून रविवारी चर्चला गेले,
पँट थोडी वर ओढून बसले.
कॅनरीचा मॅनेजर मागच्याच बाकावर होता.

लोक म्हणायचे, एल्स्पेथ मॅकरायला
बरण्यांनी झपाटलंय.
पेपरात तिची पत्रं छापून यायची
हरवलेल्या मांजरांच्या जाहिरातीखाली.

त्रेपन्नमध्ये एकदाचं सरकारी प्रयोगशाळेचं उत्तर आलं.
नमुने मिळाले. आभार.
तुलनेसाठी ही फवारणी सुरू होण्यापूर्वीचे फळ
उपलब्ध असल्यास पाठवावे.

होतं ना! पंचेचाळीस सालचं,
ही भुकटी खोऱ्यात यायच्या आधीचं,
परसातल्या झाडाचं, कोपऱ्यातल्या बरणीत.
माझ्याच वयाची बरणी.
आई जवळजवळ धावतच जिना उतरली.

मी वरच्या पायरीवर बसले होते.
आठ वर्षांची. मला माहीत होतं.
मार्चमधल्या एका रात्री, सगळे झोपल्यावर,
मी ती उघडली होती.
उजव्या भिंतीवर ती एकटीच
खाण्यासारखी दिसत होती.

आईनं बाबांना विचारलं, त्यांनी शपथ घेतली.
मला विचारलंच नाही.
रात्री दिव्याखाली बसून तिनं
सरकारला दोन शब्द लिहिले: उपलब्ध नाही.
पेनचा आवाज मला गादीत ऐकू येत होता.
फाईल तिथेच मिटली.
विमान जूनमध्ये आलं.

सत्तर वर्षं मी हे पोटात ठेवलं.
नवऱ्यालाही ताकास तूर लागू दिली नाही.

आता युनिव्हर्सिटीतून एक पोरगी आलीय,
हातमोजे घालून बरण्या खोक्यात भरतेय,
एकेक, झोपलेलं मूल उचलावं तशी.
"त्याआधीचं काही आहे?" तिनं विचारलं.
मी तोंड उघडणार, तोच म्हणाली,
"ही मागे एक आहे. पण रिकामी."

चिठ्ठी आईच्या अक्षरातली.
एकोणीसशे पंचेचाळीस. फवारणी: नाही.
मधमाश्या: खूप.
त्याखाली, वेगळ्या शाईत:
खाल्ले: मोरागने, रात्री, मार्च त्रेपन्न.
लक्षणे: नाहीत. गाढ झोपली.
चव: विचारायची राहिली.

मी जिन्यावर बसले. त्याच पायरीवर,
आता गुडघ्यांमुळे.
"ही पण नेऊ का?" पोरगी विचारत होती.
म्हटलं, ने.
पण थांब, पेन आहे ना तुझ्याकडे?
आधी चव लिहून घे.