तगो

रात्री एक पन्नासचा गजर.
फोन पिठाच्या डब्याला टेकवला,
आवाज बारीक, कारण पलीकडे आई झोपलीय
आणि तिला पाचला उठून पाणी तापवायचंय.

पडद्यावर कुठलंसं थंड गाव, निळा ट्रॅक,
आठव्या लेनमध्ये आपल्या पोरी.
तिसरी सावक्का. सावक्का तळवार,
बैलहोंगलच्या अलीकडची, वसतिगृहातली.
केस घट्ट, डाव्या पायाचा मोजा घसरलेला.
घसरणारच. चार वर्षं तो मोजा
मी पाठीमागून बघत आले.

नेहरूनगरच्या मैदानावर तेव्हा लाल माती.
सकाळी आम्ही चुन्याच्या रेषा मारायच्या,
दुपारपर्यंत म्हशींनी पुसायच्या.
बॅटन नव्हतं. बाबा उद्यमबागेत लेथवर,
त्यांनी ॲल्युमिनियमचा पाइप कापून आणला,
अठ्ठावीस सेंटीमीटर, दोन्ही कडा कानशीनं घासून.
"हात कापून घेऊ नका," एवढंच बोलले.

पहिल्या दिवशी मी ओरडले, "घे!"
आणि ती थांबली. वळून बघितलं.
बडिगेर सरांनी कपाळावर हात मारला:
हिंद नोडब्याड!
मागं बघायचं नाही, एवढं कन्नड मला कळायचं.
सावक्काला मराठी बाजारात यायचं,
पायात येत नव्हतं.
म्हणून मी शब्द बदलला. तगो.
'गो'ला तोंड उघडं राहतं,
उरलासुरला श्वास त्यातून निघून जातो
आणि हात आपोआप पुढं होतो.

शहरात तेव्हा पाट्यांना काळं फासायचे दिवस.
आम्ही चौघी कुठल्या पाटीखाली उभ्या राहणार
ते कुठली बस आधी येते त्यावर ठरायचं.

माझं सर्वोत्तम बारा पूर्णांक सहा.
मला कुणी डावललं नाही, मी तिथवर पोचलेच नाही.
सांगून टाकते, नाहीतर लोक उगाच हळहळतात.
सकाळी सातला मच्छेच्या कारखान्यात पाळी आहे.

बंदूक.
पहिली केरळची असावी, वळण छान घेतलं.
दुसरी हरियाणाची, रुंद खांद्यांची,
सरळ रेषेत वारं फाडत येतेय.
मी कधी उभी राहिले कळलं नाही.
सावक्काची नजर जमिनीवरच्या पट्टीवर,
लवकर नको गे, लवकर नको,
निघाली.

आणि कॅमेरा गेला
सगळ्यात पुढच्या पोरीकडे, तिसऱ्या लेनमध्ये.

आठव्या लेनमध्ये काय झालं ते कुणाला दिसलं नाही.
ती हरियाणाची काय ओरडली,
'ले' की 'पकड' की नुसतंच काहीतरी,
हात मागं आला का, कितव्या पावलाला आला,
काही नाही.
इकडे स्वयंपाकघरात माझा डावा हात पुढं
आणि तोंडातून निघालं ते मोठ्यानंच.

"काय झालं गे? कुणासंगं बोलालीस या येळंला?"
"कुणासंगं नाही. झोप."

परत दिसली तेव्हा वळण संपत आलेलं.
मोजा पार घोट्याखाली,
उजव्या मुठीत काहीतरी चमकत होतं.
होतं.
पुढं मी मोजलं नाही.
पाचव्या आल्या, की सहाव्या,
आकडे लागायला वेळ लागला,
समालोचक दुसऱ्याच कुणाची नावं घेत होता.

फोन बंद केला तरी झोप नव्हतीच.
पाचला आई उठली, मागच्या चुलीपाशी बसली,
भिंतीकडेला चाचपलं, राखेत चाचपलं.
"फुंकणी कुठं ठेवलीस?"

माझ्याच हातात होती.
एक तोंड धुरानं काळं,
दुसऱ्या कडेला बाबांच्या कानशीचे ओरखडे.
आईचं तोंड चुलीकडे.
तिनं उजवा हात मागं केला, न बघता.

मी ओरडले नाही. दिली.
लाकडं ओली होती, बराच वेळ नुसता धूर.