समुद्राची सरासरी

पत्र आलं तेव्हा नातीला नाव नव्हतं.
कागदावर नुसतं: मुलगी, केटिलची.
आमच्या ईसाफ्योर्दुरात नावाची घाई करत नाहीत,
आधी माणूस बघतात, मग हाक ठरवतात.
रजानिधीच्या कचेरीचंही त्यावाचून अडलं नव्हतं.
त्यांना हवी होती बापाची बारा महिन्यांची कमाई.

आता ट्रॉलरवरच्या गड्याची कमाई म्हणजे काय सांगणार?
मार्चमध्ये कॉड इतका, की जाळं वर येईना.
एप्रिलमध्ये इंजिन बंद, बंदरात बसून पत्ते.
सप्टेंबरात हॅडकनं थोडा हात दिला.
कचेरीतल्या कुणा बाईनं हे सगळं एका खाली एक मांडलं,
बारानं भागलं.
समुद्राची सरासरी काढली बाईनं,
आणि खाली सही केली.
मी एकेचाळीस वर्षं तोच आकडा शोधत होतो.

"शंभरातले ऐंशी देतात," केटिल म्हणाला,
"त्यालाही वर मर्यादा. अमुक उंचीपुढची लाट धरत नाहीत."
"आणि उरलेले वीस?"
त्यानं पोरीच्या मानेच्या घडीतलं दूध पुसलं.
"बुडाले," म्हणाला. अगदी मजेत.

नाव नंतर ठेवलं, उन्नुर.
उन्नुर म्हणजे लाट.
मर्यादा बघून ठेवलेलं नाही.

बेर्गदीसचे महिने नोव्हेंबरात संपले, ती शाळेवर रुजू झाली.
आता बापाचे. थोडे आठवडे इकडचे तिकडे होतात म्हणे,
बाकीचे बापानं घेतले तर घेतले, नाहीतर गेले.
पोरगी जन्मली तेव्हा रात्रच नव्हती.
आता डोंगर सूर्याला वर येऊ देत नाही,
दिवस म्हणजे पाण्यात विसळलेली शाई.
आणि अशा ऐन मासळीच्या दिवसांत
माझा धडधाकट मुलगा खिडकीशी बसून
रताळं कुस्करतो.

मी बोललो. बोलणारच.
म्हटलं, धक्क्यावर विचारतात, आजारी आहे का.
"सांगा, ड्यूटीवर आहे.
चार तास पहारा, दोन तास झोप, बोटीसारखंच.
फक्त इथल्या कप्तानाला दात येतायत."

गेल्या मंगळवारी त्याला दाढ काढायला जायचं होतं.
पोरगी माझ्याकडे, दीड तास.
मला कुणी देत नाही ह्याचे, ना ऐंशी ना आठ.
तिनं असा टाहो फोडला की कावळे उडाले.
गाणं मला एकही येत नाही.
मग हवामानाचं बातमीपत्र म्हटलं, पाठ आहे ते,
पश्चिमेचा वारा, लाटा चार मीटर,
उत्तरेला बर्फ सरकतोय, दृश्यता कमी.
दृश्यतेपाशी ती थांबली.
माझी दोन बोटं विंचनं नेली आहेत,
उरलेल्यातलं एक तिनं धरलं
आणि झोपली.
मला हलता येईना. कॉफी गार झाली.

केटिल झाला ते मला वायरलेसवर कळलं.
बाहेर वादळ, शब्द फुटत फुटत आला: मुलगा.
वजन किती, ते खरखरीत गेलं.
कप्तानानं एक पेला दिला,
अर्ध्या तासानं आम्ही जाळं ओढायला घेतलं.

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या.
केटिलच्या पहिल्या वर्षात
मी किती रात्री घरी झोपलो, ते मोजलं.
एकोणसाठ.
बारानं भागलं, त्या बाईसारखं.
महिन्याला पाचही नाहीत.
मर्यादेचा प्रश्नच आला नाही.

सकाळी केटिलला विचारलं,
सुजलेल्या गालानं तो बाटल्या उकळत होता,
दुसरी दाढ कधी काढणार म्हणून.