अर्धं तिकीट

लातुरात, गंजगोलाईच्या मागल्या टॉकीजला
मी तिकिटं फाडतो.
अर्धं मी ठेवतो, अर्धं तुम्ही.
या आठवड्यात हिंदीत डब केलेला परदेशी पिक्चर,
रात्री नऊचा खेळ, क्लासच्या पोरांनी खच्चून भरलेला.

गोष्ट अशी, की हिरोला कळतं
आपलं शहर खरं नाही,
कुणीतरी कुठंतरी मशीनवर चालवायलंय.
संशय येतो केळीवाल्यामुळं:
रोज एक डझन, आणि त्यातलं सातवं केळं
रोज त्याच जागी डागाळलेलं.
मग तो पळत सुटतो. इतका जोरात,
की ज्या गल्लीत वळेल
तिथली घरं बांधायची राहिलेली असतात.

पोरं शिट्ट्या मारतात.
मी दाराशी, बॅटरी विझवून.
मला ती घरं ओळखीची वाटतात.

आमचंही गाव असंच कुणीतरी कागदावर काढलं होतं,
भूकंपानंतर, ओढ्यापलीकडं.
पट्टी लावून आखलेले रस्ते,
ए लाइन, बी लाइन, सी लाइन,
सगळ्या घरांना तीच खिडकी
आणि खिडकीतून तेच घर.
पाटीवर नाव मात्र जुनंच.
सुगलाआत्या वर्षभर संध्याकाळी
भलत्याच घरात शिरायची,
डोक्यावरचा हंडा उतरवायची, चूल कुठं गेली म्हणायची.
त्या घरची बाई काही बोलायची नाही,
तांब्याभर पाणी द्यायची.
कुत्री तेवढी राहायला आली नाहीत.
दिवसा भाकरीपुरती यायची,
अंधार पडला की ओढा ओलांडून
दगडांच्या ढिगांवर जाऊन बसायची,
राखण करत.

मालकानं यंदा नवे स्पीकर बसवलेत.
शेवटाकडं मशीन बंद पडतं, शहर कोसळतं,
खुर्च्यांचे नटबोल्ट वाजतात,
फरशी तळपायात शिरते.

पहिल्या रात्री काय झालं ते मला नंतर सांगितलं.
मला एवढंच आठवतं, मी रस्त्यावर होतो,
अनवाणी, हातात पेटलेली बॅटरी.
शेजारी बाल्कनीतले गुरुलिंगअप्पा सराफ,
फुकटात उभ्यानं बघणारा मोसंबी ज्यूसवाला इस्माईल,
कडेवर लेकरू घेतलेली एक बाई,
आणखी दोघं-तिघं.
सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे.
कुठलं गाव, हे कुणी कुणाला विचारलं नाही.
माना वर, विजेच्या तारांकडं,
हलतात का बघायला.

तारा हलत नव्हत्या.
आत टाळ्या.

"खोटं होतं की ओ अप्पा," इस्माईल म्हणाला.
"हाव. पण ते आधी कळत नसतंय."

बाईनं कडेवर बघितलं. "अगं बया, हे कुणाचंय?"
तोवर त्याची आई धावत आली,
विशीतली पोरगी, रागावलेली,
लेकरू हिसकून घेतलं, आणि मग
बाईच्या पायांकडं बघून गप्प झाली.
एका पायात चप्पल होती, एकात नव्हती.

आत सोडताना मी सवयीनं तिकीट मागितलं.
अप्पांनी मूठ उघडली.
अर्धं तिकीट घामानं भिजून
कागद राहिलं नव्हतं.

त्या हिरोचं पुढं काय होतं, मला माहीत नाही.
अकरा वाजून दहा मिनिटांनी मी बाहेर येतो,
इस्माईलच्या गाड्याला टेकून उभा राहतो.
मागं भिंत धडधडायला लागते.
समोर, बंद दुकानाच्या पायरीवर
तीन कुत्री.
ती झोपलेली असली
की मी समजतो, पिक्चर चालू आहे.