गाळ

तानियूसने ती पाण्याच्याच बाटलीत आणली,
लेबल अर्धं खरवडलेलं.
आत काळसर लाल, जरा गढूळ.
"हलवू नकोस," म्हणाला, "गाळ झोपलाय."

हिद्दमधलं चौथ्या मजल्यावरचं घर,
खिडकीत आमच्याच प्लान्टचे दिवे.
वाइनचे ग्लास माझ्याकडे कुठले?
दोन स्टीलचे पेले काढले,
एकावर मामीचं नाव कोरलेलं.

पहिल्या घोटाला तोठराच बसला,
कच्चं जांभूळ चावल्यासारखा.
मग चुलीपाशी ठेवलेल्या मडक्याचा वास,
मग बेदाण्याची पेटी उघडावी तसं काही,
आणि सगळं गिळून झाल्यावर
जिभेच्या मुळाशी
माती.

मी पाण्याची केमिस्ट.
समुद्राची चव काढून टाकायची, हे माझं काम.
मीठ काढायचं, बोरॉन काढायचं,
मग चुना मोजून परत घालायचा,
कारण फार निर्मळ पाणी पाइप खातं.
अकरा वर्षं रोज सकाळी सही करते:
रंग नाही. वास नाही. चव नाही.

"वेल किती जुने?"
"आजोबांच्या आधीचे. कुणी लावले, ठाऊक नाही.
दोन-तीन घड देतात, तेही हट्टाने.
सल्मा आत्या पायांनी तुडवते,
रांजणाचं तोंड लिंपते
आणि मार्चपर्यंत त्याच्याकडे फिरकत नाही.
कुणी विचारलं तर चिडते."

तासगावला आम्ही त्यांना झाडंच म्हणायचो.
पंधरा वर्षं झाली की बाबा करवत आणायचे.
"दमलं आता," एवढंच बोलायचे,
आणि चहा न घेता कामाला लागायचे.
कापलेल्या बुंध्यातून दोन दिवस पाणी ठिबकायचं.
मी एकदा बोट लावून चाखलं होतं.
काहीच लागलं नाही.
तेव्हा हे कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं,
आज तानियूसला सांगितलं.
तो हसला नाही. बाटली तिरकी करून
उरलेलं माझ्या पेल्यात ओतलं, गाळासकट.
दातांत कचकच आली.

तो गेल्यावर पेला नळाखाली धरला.
आमचं पाणी, माझ्या सहीचं,
तळाशी जाऊन गुलाबी झालं.
सिंकमध्ये ओतायला हात तिरका केला,
मग उभ्यानेच
पिऊन टाकलं.