उपाशीपोटी

मे महिन्यात मी स्वेटर मागितला
तेव्हा शकूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे.
माशेलात मे म्हणजे फणस झाडावरच फुटतात,
मांजर न्हाणीच्या ओल्या फरशीवर पसरतं,
आणि मी पायमोजे शोधत होतो.

शेक संपून तेव्हा दोन वर्षं झाली होती.
तेहेतीस शेक, शनिवार-रविवार सुट्टी,
बाणास्तारीच्या पुलावरून बांबोळी, बांबोळीहून पूल.
जाळीचा तो मुखवटा अजून कपाटावर आहे.
माझंच नाक, माझीच हनुवटी,
कडेने टेबलाला आवळायच्या खुंट्या.
शकूने त्यात एकदा कांदे ठेवले होते.
मी काही बोललो नाही. कांदे चांगले टिकले.

आवाज गेला, थोडा परत आला.
लाळ गेली ती गेलीच,
पाव कढीत बुडवल्याशिवाय घशाखाली उतरत नाही.
हे सगळं त्यांनी आधी सांगितलं होतं.
पुढचंही सांगितलं असेल. कागदावर असेल, तिसऱ्या पानावर.
पण आम्ही तेव्हा एकच ओळ वाचत होतो.

मग झोप.
दुपारची, दुपारनंतरची, जेवता जेवता.
चेहरा सुजला, लोक म्हणाले, वा, अंग धरलं!
केस उशीवर. पोट चार-चार दिवस गप्प.
देवळाच्या बाराव्या पायरीवर बसलो
आणि आरती बाहेरूनच ऐकली.
भाऊ म्हणाला, मन कशात तरी रमव.
मी मनात म्हणालो, परत आलंय ते.
शकूही तेच म्हणत असणार,
कारण रात्री ती माझ्या गळ्यावर हात ठेवून झोपायची,
जणू पांघरूण नीट करतेय.

उत्सवाच्या नाटकाला बत्तीस वर्षं मी प्रॉम्प्टर.
उजेडात कधी गेलो नाही.
विंगेत स्टूल, गुडघ्यावर वही, हातात बॅटरी.
राजा अडला की मी अर्धा शब्द सोडायचा,
उरलेला त्याचा. टाळ्याही त्याच्या.
त्या वर्षी राजा अडला.
मला ओळ दिसत होती,
बोट ओळीवर होतं, बोट तिथेच राहिलं.
मागे कुणाचं तरी मूल रडलं.
राजाने विंगेकडे वळून उघडच विचारलं,
"रे गुणो, न्हिदलो?"
लोक हसले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं.

डॉक्टर फुर्तादोबाईंनी गळा तपासायच्या आधी
माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.
"इतका थंड? थायरॉइडचं रक्त कधी तपासलं होतं?"
आकडा आला सत्त्याऐंशी. असायला हवा चार-पाचच्या आत.
"आजार परतलेला नाही," त्या म्हणाल्या.
"ग्रंथी थकलीय. शेकाच्या वाटेत होती बिचारी."
मग कागदावर त्यांनी फुलपाखरू काढलं.
मला फुलपाखरू दिसेना.
मला दिसलं स्टूल,
आणि गळ्याच्या विंगेत बसलेला कुणीतरी,
हृदयाला सांगणारा, आता तू,
आतड्यांना, चला,
कातडीला, घाम येऊ दे, मे आहे.
हँडबिलावर त्याचं नाव कधी छापलं नाही.
विंग पेटली तरी तो बसून राहिला,
ओळी सांगत, हळू, आणखी हळू.

शकू रडली. बाहेरच्या बाकावर नाही, तिथेच.
क्षणभर मला वाटलं,
हिला काही वेगळंच ऐकू आलं.

आता पहाटे कायतान पोदेराचा भोंगा वाजतो,
वळणावर, गोठ्यापाशी.
पांढरी गोळी, अर्धा पेला पाणी.
मग तासभर चहा नाही, उंडो नाही.
वास मात्र येतो. पिशवी खुंटीलाच असते.

आज शकू म्हणाली, तुला घाम आलाय.
पुसला नाही तिने. बघत राहिली.
चहाला अजून वीस मिनिटं आहेत.