टिंबानंतरचा आकडा

तुर्कूच्या इस्पितळात मी दिवसाला चाळीस माणसं
आकड्यांत बसवते.
माणसं वर, वॉर्डात. माझ्याकडे त्यांचे कागद येतात,
आणि हल्ली तेही कागद नसतात.

आज ओन्नी सालोवारा, वय बासष्ट.
डॉक्टरांचं टिपण अडीच ओळींचं:
कातडी घट्ट, कोपराच्या वरपर्यंत. चिमटीत येत नाही.
थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी.
(नोव्हेंबरात इथे सगळ्यांचीच होतात,
पण आपली तासाभरात पुन्हा आपली होतात.)

नुसता वरवरचा चट्टा असता तर एल ९४,
त्वचेच्या प्रकरणात, दोन मिनिटांचं काम.
हे आत उतरलंय. अन्ननळी, फुप्फुसं.
म्हणून एम. एम ३४.
इथवर मी डोळे मिटून येते.
पुढे टिंब.

टिंबानंतर नऊ टाकला की सुटका.
नऊ म्हणजे 'नेमकं सांगितलेलं नाही'.
या नवानं मला किती संध्याकाळी
साडेचारची बस मिळवून दिली आहे.

पण खाली, नर्सच्या नोंदीत, जेवणाच्या रकान्यात
(तिला दुसरीकडे जागा सापडली नसावी):
चमचा धरवत नाही. मूठ झाकत नाही.
एकतीस वर्षं वेहमाच्या खाणीत ग्रॅनाइट कापला.
सांगतो, पावाला धुळीची चव असायची.

वेहमाचा दगड मला माहीत आहे.
आमच्या चर्चची पायरी त्याचीच, तांबडी, गुळगुळीत,
बहिणीच्या लग्नात मी तिच्यावरून घसरले होते.

धूळ, म्हणजे टिंबानंतर कदाचित दोन:
औषधानं वा रसायनानं झालेलं.
धूळ त्यात बसते का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.
आणि त्यांनी धूळ हा शब्दच लिहिलेला नाही.
न लिहिलेलं मी वाचायचं नाही, असा नियम आहे.
नियम चांगलाच आहे.
फक्त, दोन आणि नऊ यांच्यामध्ये
खाणीचा विमा उभा आहे,
आणि आकडा एकदा गेला की काळ्या दगडावरची रेघ,
दगड तांबडा असला तरी.

मी डॉक्टरांना प्रश्न पाठवला:
व्यवसायाशी संबंध? होय किंवा नाही, खूण करा.
बस गेली.

तेव्हापासून रोज सकाळी ती ओळ लाल दिसते.
हेल्लेवी खुर्ची वळवून विचारते,
ही केस अजून उघडी का? नऊ टाक ना.
मी म्हणते, डॉक्टर सुट्टीवर आहेत.
ते खरंही आहे.
सोमवारी येतील.